संभाजीनगर: एका मागणीची छत्तीस वर्षं

२९ जून २०२२. मुंबईत मंत्रिमंडळाची बैठक बसली तेव्हा सरकार जवळपास गेलेलंच होतं. शिवसेनेचे बंडखोर आमदार आधी सुरतेला आणि तिथून गुवाहाटीला पोहोचले होते, राज्यपालांनी दुसऱ्याच दिवशी बहुमत सिद्ध करायला सांगितलं होतं आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू होती. अशा बैठकीत औरंगाबादचं संभाजीनगर, उस्मानाबादचं धाराशिव आणि नवी मुंबई विमानतळाला दि. बा. पाटील यांचं नाव, असे प्रस्ताव मंजूर झाले. त्याच रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला.

शिवसेनेची मराठवाड्यातली सगळ्यात कडवी, सगळ्यात जुनी मागणी मान्य झाली ती काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबरच्या सरकारात. शिवसेना आणि भाजप राज्यात एकत्र सत्तेवर असताना ती दोन वेळा लटकली होती. विचारांशी तडजोड केली म्हणून ज्यांच्यावर बंड झालं, त्यांनीच ती जाता जाता पुरी केली. हिंदुत्वाच्या राजकारणात कडवेपणा आणि तडजोड यांचं नातं नेमकं कसं चालतं, हे पाहायला मराठवाड्यात यापेक्षा चांगलं प्रकरण मला माहीत नाही.

मागणी आली कुठून

शिवसेनेचा जन्म मुंबईतला आणि मुद्दा मराठी माणसाच्या नोकरीचा. मराठवाड्यात हा मुद्दा चालण्यासारखा नव्हताच. इथे दाक्षिणात्य कारकून कुणाची खुर्ची अडवून बसला नव्हता. ८ जून १९८५ ला औरंगाबादेत शाखा उघडल्यावर पक्षाला वेगळी भाषा लागली आणि ती इथल्या मातीत तयारच होती. निजामाच्या राज्यातल्या आठवणी, रझाकारांच्या कथा, १७ सप्टेंबर १९४८ चा मुक्तिदिन. वर शहराला औरंगजेबाचं नाव, आणि त्याची कबर जवळच खुलताबादला. ज्यानं १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हाल हाल करून मारलं त्याचं नाव आमच्या गावाला कशाला, हा प्रश्न समजावून सांगायला भाषण लागत नव्हतं.

१९८८ ला महापालिकेची पहिली निवडणूक झाली. नव्यानं आलेल्या सेनेनं ६० पैकी २७ जागा घेतल्या. ८ मे १९८८ ला मराठवाडा सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर बाळासाहेब ठाकरे यांनी शहराला संभाजीनगर म्हणायचं असं जाहीर केलं. शिवसैनिकाच्या लेखी नामांतर त्या दिवशीच झालं. ‘सामना’त वर्षानुवर्षं बातमी ‘संभाजीनगर’ म्हणूनच छापून येत राहिली. सरकारी कागदावर औरंगाबाद, शाखेच्या फलकावर संभाजीनगर. निवडणूक आली की ‘खान हवा की बाण हवा’.

याच शहरानं नावाचा दुसरा लढा आधीच पाहिला होता, तो विद्यापीठाचा. जुलै १९७८ मध्ये विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला, मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या आणि शेवटी १४ जानेवारी १९९४ ला नामांतराऐवजी नामविस्तार झाला. आंबेडकरांचं नाव आलं, मराठवाडाही राहिला. सेना त्या नामांतराच्या विरोधात होती. नावावर तडजोड होऊ शकते आणि त्यावर समाज पुढे जाऊ शकतो, हे औरंगाबादला ठाऊक होतं. संभाजीनगरच्या बाबतीत मात्र मधला रस्ताच कुणी सुचवला नाही. मागणीचा उपयोगच तिच्या टोकदारपणात होता.

युतीतला हिशेब

सेना आणि भाजपची युती १९८९ ची. ती जुळवण्यात अंबाजोगाईत वाढलेले प्रमोद महाजन पुढे होते. युती म्हणजेच पहिली तडजोड: १९९० च्या विधानसभेत सेनेनं ५२ आणि भाजपनं ४२ जागा जिंकल्या, १९९५ ला ७३ आणि ६५. मराठवाड्यात लोकसभेची वाटणी ठरून गेली. औरंगाबाद सेनेकडे, जालना आणि बीड भाजपकडे. शहरातल्या भाजप कार्यकर्त्याचं दुखणं या वाटणीत आहे. संघाच्या शाखेत वाढलेला, जनसंघाच्या काळापासून सतरंज्या उचललेला हा माणूस लोकसभेला कायम सेनेच्या धनुष्यबाणाच्या चिठ्ठ्या वाटत आला. त्याच्या दृष्टीनं सेना म्हणजे कालची पोरं. शिवसैनिकाच्या दृष्टीनं भाजप म्हणजे रस्त्यावर न उतरणारे. दोघांचं हिंदुत्व एकच, आणि भांडण मुख्यतः एकमेकांशी.

मार्च १९९५ मध्ये मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. जूनमध्ये महापालिकेनं ठराव केला, नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं नाव बदलण्याची प्राथमिक अधिसूचना काढून सूचना आणि हरकती मागवल्या. काँग्रेसच्या एका नगरसेवकानं न्यायालयात आव्हान दिलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि रेंगाळलं. १९९९ ला युतीची सत्ता गेली. काँग्रेस आघाडीच्या सरकारनं पुढे अधिसूचनाच मागे घेतली. हा टप्पा मी युतीच्या खात्यात फारसा वाईट धरत नाही. प्रयत्न झाला, न्यायालयात अडला.

खरा प्रश्न २०१४ ते २०१९ चा.

२५ सप्टेंबर २०१४ ला विधानसभेच्या तोंडावर युती तुटली. त्याची किंमत औरंगाबाद मध्य मतदारसंघानं लगेच दाखवली. सेनेचे प्रदीप जैस्वाल आणि सेनेतून भाजपमध्ये गेलेले किशनचंद तनवाणी समोरासमोर उभे राहिले, दोघांनीही चाळीस हजारांवर मतं घेतली आणि ओवेसींच्या एमआयएमचे इम्तियाज जलील सुमारे वीस हजारांच्या फरकानं निवडून आले. पुढच्या वर्षी महापालिकेत एमआयएमनं २५ जागा घेतल्या. म्हणजे ज्या शहरात दोन्ही पक्षांचं सगळं राजकारण ‘त्यांना रोखायचं’ यावर उभं होतं, तिथे दोघांच्या भांडणातून ‘ते’ आत आले.

डिसेंबर २०१४ मध्ये सेना सरकारात आली, धाकटी म्हणून. आता परिस्थिती अशी होती: केंद्रात भाजप, राज्यात भाजप-सेना, पालिकेत भाजप-सेना. शहराचं नाव बदलायचं तर राज्यानं प्रस्ताव करायचा, केंद्रीय गृहमंत्रालयानं रेल्वे, टपाल, सर्वेक्षण विभाग वगैरेंकडून ना हरकत घेऊन मान्यता द्यायची. एकाही टेबलावर विरोधक बसलेला नव्हता. तरी पाच वर्षांत काही झालं नाही. उत्तर प्रदेशात ऑक्टोबर २०१८ मध्ये अलाहाबादचं प्रयागराज झालं, पाठोपाठ फैजाबाद जिल्ह्याचं अयोध्या झालं. औरंगाबाद तसंच. सेनेनं तेव्हा भाजपला टोमणे मारले, पण सेनेचे मंत्री त्याच मंत्रिमंडळात होते. राजीनामे खिशात असल्याचं सांगत होते, आणि ते खिशातच राहिले.

असं का झालं असावं? माझं वाचन सरळ आहे. नाव ही सेनेची मालमत्ता होती. भाजपनं ते करून दिलं असतं तर श्रेय बाळासाहेबांच्या १९८८ च्या घोषणेला गेलं असतं, आणि भाजपला याच शहरात सेनेला मागे टाकायचं होतं. सेनेलाही घाई नव्हती, कारण मागणी पुरी झाली की पुढच्या पालिका निवडणुकीत मागायचं काय? रस्ते? पाणी? जायकवाडी धरण उशाशी असून शहराला कित्येक दिवसांआड पाणी येत होतं. पालिकेत सत्ता या दोन पक्षांचीच. त्या प्रश्नावर दोघांनाही उत्तर द्यावं लागलं असतं. नावावर उत्तर दुसऱ्यानं द्यायचं होतं, नेहमीच.

कडवेपणाचा दंडुका विरोधकांवर उगारलेला दिसतो. या प्रकरणात त्याचे बहुतेक फटके मित्रपक्षाला बसले.

२०१९: मागणी तीच, संगत बदलली

मे २०१९ मध्ये चार वेळा खासदार राहिलेले चंद्रकांत खैरे ४,४९२ मतांनी जलील यांच्याकडून हरले. सेनेचेच माजी आमदार हर्षवर्धन जाधव अपक्ष उभे होते, त्यांनी पावणेतीन लाखांच्या वर मतं घेतली. जाधव हे भाजपचे तेव्हाचे प्रदेशाध्यक्ष रावसाहेब दानवे यांचे जावई, त्यामुळे शहरात कोणत्या चर्चा झाल्या त्या इथे उगाळत नाही. ऑक्टोबरमध्ये विधानसभेला मात्र जिल्ह्यातल्या नऊच्या नऊ जागा युतीनं जिंकल्या: सेना सहा, भाजप तीन. भाजपच्या तिघांत अतुल सावे होते. त्यांचे वडील मोरेश्वर सावे हे सेनेच्या पाठिंब्यावर १९८९ ला औरंगाबादचे खासदार झालेले. एका घरात दोन पिढ्या, दोन पक्ष, विचार तोच. या शहरात ‘निष्ठा’ हा प्रकार किती सरकता आहे त्याचा हा पुरावा.

नऊपैकी नऊ देऊनही सरकार युतीचं आलं नाही. २८ नोव्हेंबरला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले, काँग्रेस आणि राष्ट्रवादीला सोबत घेऊन. किमान समान कार्यक्रमात धर्मनिरपेक्ष मूल्यांचा उल्लेख आला, संभाजीनगरचा नाही.

इथून तडजोडीची चिन्हं बारीकसारीक गोष्टींत दिसू लागली. मार्च २०२० मध्ये मंत्रिमंडळानं विमानतळाला छत्रपती संभाजी महाराजांचं नाव द्यायचं ठरवलं. शहराचं जमत नाही तर विमानतळाचं. जानेवारी २०२१ मध्ये मुख्यमंत्री कार्यालयाच्या ट्विटमध्ये औरंगाबादच्या शासकीय महाविद्यालयाविषयीचा निर्णय सांगताना शहराचं नाव ‘संभाजीनगर’ लिहिलं गेलं. खातं वैद्यकीय शिक्षणाचं, मंत्री लातूरचे अमित देशमुख, पक्ष काँग्रेस. काँग्रेसचेच बाळासाहेब थोरात यांनी जाहीर हरकत घेतली. सरकारात राहून नाव उच्चारायचं कसं, याचा रोजचा पेच त्या एका ट्विटमध्ये दिसतो.

भाजपला हवं तेच मिळालं होतं. जे स्वतः पाच वर्षं केलं नाही, ते आता समोरच्याला विचारता येत होतं. मे २०२२ मध्ये देवेंद्र फडणवीस यांनी शहरात जलआक्रोश मोर्चा काढला. ८ जूनला उद्धव ठाकरे यांनी त्याच सांस्कृतिक मंडळाच्या मैदानावर सभा घेतली. नाव बदलणारच, पण संभाजीराजांना अभिमान वाटेल असं शहर आधी करू, असा त्यांचा सूर होता. विमानतळाच्या नावाचा प्रस्ताव केंद्राकडे पडून आहे, तो आधी करा, असं त्यांनी भाजपला सुनावलंही. बोलणं शहाणपणाचं होतं. पण ज्या मैदानावर चौतीस वर्षांपूर्वी नाव दिलं गेलं, तिथे ‘आधी पाणी’ हे ऐकायला शिवसैनिक आला नव्हता.

बंडाचं पत्र

२० जूनला विधान परिषदेचं मतदान झालं आणि त्या रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह निघाले. औरंगाबाद जिल्ह्यातल्या सेनेच्या सहा आमदारांपैकी पाच त्यांच्यासोबत गेले: संदिपान भुमरे, संजय शिरसाट, प्रदीप जैस्वाल, अब्दुल सत्तार, रमेश बोरनारे. कन्नडचे उदयसिंह राजपूत मागे राहिले.

कारण सांगितलं गेलं ते हिंदुत्वाचं. काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर बसून बाळासाहेबांचा विचार पातळ झाला, असं. शिरसाट यांनी २२ जूनला उद्धव ठाकरे यांना लिहिलेलं पत्र शिंदे यांनी जाहीर केलं. ते सावकाश वाचण्यासारखं आहे. अयोध्येचा मुद्दा त्यात आहे, आदित्य ठाकरे अयोध्येला गेले तेव्हा आम्हाला का अडवलं, हा सवाल आहे. पण पत्राचा मोठा भाग दुसऱ्याच दुःखानं भरलाय. ‘वर्षा’ बंगल्याची दारं आमच्यासाठी बंद होती, गेटवर तासन्‌तास उभं राहावं लागायचं, फोन उचलले जात नव्हते, आणि काँग्रेस-राष्ट्रवादीचे लोक मात्र भेटत होते, कामं करून घेत होते. नेत्याभोवती जमलेल्यांना पत्रात ‘बडवे’ म्हटलंय. पंढरपूर माहीत असलेल्या माणसाला याहून जास्त काही सांगायला नको. भक्ताची तक्रार देवाविषयी नाही, मध्ये उभ्या असलेल्यांविषयी आहे.

म्हणून ‘हिंदुत्वासाठी बंड’ हे वाक्य मी खोटं म्हणणार नाही, अपुरं म्हणेन. निधी अडतो, बदली होत नाही, मुख्यमंत्री भेटत नाही, मतदारसंघात राष्ट्रवादीचा पडलेला उमेदवार शेफारलाय: आमदाराचं रोजचं जगणं हे आहे. ते मोठ्यानं सांगता येत नाही, लोक हसतात. विचारांची भाषा त्याला उभं राहायला जागा देते. सत्तार तर २०१९ पर्यंत काँग्रेसचे नेते होते, सेनेत येऊन तीन वर्षंही झाली नव्हती. त्यांना बाळासाहेबांचा विचार पातळ झाल्याचं दुःख किती झालं असेल, ते वाचकानं ठरवावं.

आणि २९ जूनचा निर्णय? राष्ट्रवादी आणि काँग्रेसच्या मंत्र्यांनी तो होऊ दिला, कारण सरकार जाणारच होतं. ठाकरेंनी तो आणला, कारण आता आघाडी मोडण्याची भीती उरली नव्हती आणि ‘नाव कुणी दिलं’ हा शेवटचा दावा हातचा जाऊ द्यायचा नव्हता. जुलैत औरंगाबादेत बोलताना शरद पवार यांनी सांगितलं की हा विषय किमान समान कार्यक्रमात नव्हता, निर्णय झाल्यावर कळला. सत्ता भक्कम असताना जे कुणी केलं नाही, ते सत्ता सुटताना काही तासांत झालं.

नव्या सरकारनं तो निर्णय बहुमत गेल्यानंतरचा म्हणून बाजूला ठेवला आणि १६ जुलैला पुन्हा घेतला, पुढे ‘छत्रपती’ जोडून. श्रेयाची दुसरी प्रत काढताना काहीतरी वेगळं असावं लागतं.

नाव मिळालं तेव्हा

२४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्रानं मान्यता दिली. जलील यांनी मार्चमध्ये साखळी उपोषण केलं. १५ सप्टेंबरला जिल्हा आणि विभागाच्या नावाची अधिसूचना निघाली, दुसऱ्या दिवशी मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवासाठी मंत्रिमंडळ शहरात बैठकीला बसलं. त्या टेबलावर उपमुख्यमंत्री म्हणून अजित पवार होते, जुलैपासून. ज्यांच्या निधीवाटपाच्या तक्रारी करत आमदार गुवाहाटीला गेले होते, तेच पुन्हा अर्थमंत्री. याचा जाब शिंदे गटातल्या कुणी ‘विचार’ म्हणून मागितल्याचं मला दिसलं नाही.

शिवाय तोवर मराठवाडा दुसरंच बोलत होता. १ सप्टेंबरला जालन्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला होता आणि गावोगावी कुणबी दाखल्यांशिवाय विषय नव्हता. पस्तीस वर्षं ज्या नावासाठी सभा गाजल्या ते राजपत्रात आलं, तेव्हा लोक निजामकाळातल्या नोंदी शोधत तहसीलला रांगा लावत होते.

मुंबई उच्च न्यायालयानं नामांतराविरुद्धच्या याचिका फेटाळल्या ती तारीख ८ मे २०२४, बाळासाहेबांच्या घोषणेला बरोबर छत्तीस वर्षं. पाच दिवसांनी लोकसभेचं मतदान. उमेदवारी अर्ज मात्र सगळ्यांनी ‘१९-औरंगाबाद’ मतदारसंघासाठीच भरले, मतदारसंघाचं नाव बदललेलं नव्हतं. शिंदे गटाचे भुमरे धनुष्यबाणावर जिंकले, जलील दुसरे. आयुष्यभर संभाजीनगर म्हणत आलेले खैरे ठाकरे गटाची मशाल घेऊन तिसरे. पण आठ जागांच्या मराठवाड्यात महायुतीला ही एकच मिळाली. जालन्यात दानवे पडले, बीडमध्ये पंकजा मुंडे पडल्या, नांदेड आणि लातूर गेलं. नावानं जर मतं आणली असतीलच, तर शहराच्या हद्दीबाहेर ती पोहोचली नाहीत. नोव्हेंबरच्या विधानसभेत जिल्ह्यातल्या नऊही जागा पुन्हा महायुतीकडे आल्या, त्याची कारणं शोधायला नामांतरापर्यंत जावं लागत नाही.

पुरी झालेली मागणी जागा रिकामी करते. ती मार्च २०२५ मध्ये भरली गेली. खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवा, अशी हाक विश्व हिंदू परिषद आणि बजरंग दलानं दिली, १७ मार्चला नागपुरात हिंसाचार झाला. आता मुख्यमंत्री फडणवीस होते आणि कबर पुरातत्त्व विभागाच्या संरक्षणाखाली असल्यानं तिचं रक्षण करावं लागतं हे दुर्दैव आहे, असं त्यांनाच सांगावं लागलं. संघाच्या सुनील आंबेकर यांनी औरंगजेब आज प्रासंगिक नाही असं म्हटलं. संघाचेच भय्याजी जोशी यांनी विषय विनाकारण काढल्याचं सांगितलं, वर अफजलखानाची कबर बांधू देणाऱ्या शिवाजी महाराजांची आठवण करून दिली. सबुरी सांगायची पाळी यावेळी भाजप आणि संघावर आली. जिल्ह्याचे पालकमंत्री झालेल्या शिरसाट यांनी एप्रिलमध्ये खुलताबादचं नाव रत्नपूर करण्याची मागणी पुढे केली. कबर हलवणं राज्याच्या हातात नव्हतं. गावाच्या नावाचा प्रस्ताव कसा करतात, ते मात्र आता सगळ्यांना पाठ झालं होतं.